ब्लॅक स्पॉट नसलेला कट: अपघातांच्या नोंदी जोडून नकाशा करताना

इंदूरच्या अन्नपूर्णा परिसरातील एका ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कार्यवाहांनी विचारले आहे: "आमच्या वसाहतीसमोरच्या रस्त्यावर दुभाजकाला एक कट आहे. गेल्या दोन वर्षांत तिथे सहा-सात जण पडले, एका आजींचे खुब्याचे हाड मोडले. चौकशी केली की 'हा ब्लॅक स्पॉट नाही' एवढेच उत्तर मिळते. हल्ली अपघातांची सगळी माहिती डिजिटल नकाशावर असते असे वाचतो. मग आमचा कट त्यावर का दिसत नाही, आणि त्या नकाशाचा आम्हाला काही उपयोग आहे का?"

आपला कट नकाशावर दिसत नाही, कारण तिथे पडलेल्यांपैकी बहुतेकांची नोंद पोलिसांकडे झालेलीच नसणार, आणि आज सर्वत्र वापरात असलेला अपघातांचा नकाशा मुख्यतः पोलिसांच्या नोंदींवर उभा आहे. नकाशाचा उपयोग आहे, पुष्कळ आहे. पण त्यासाठी पोलीस, रुग्णालय, रुग्णवाहिका आणि विमा या चार ठिकाणच्या नोंदी आधी एकमेकींना जोडाव्या लागतात. इंदूरमध्ये वाहतूक अभियंता म्हणून मी वीस-बावीस वर्षे काम करतो आहे, आणि त्यातली निम्मी वर्षे अपघातांच्या नोंदी नकाशावर बसवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की नकाशा काढणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग आहे.

प्रथम आपल्याला मिळालेल्या उत्तराविषयी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात मागील ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात घडले असतील, अथवा एकूण १० मृत्यू झाले असतील, तर तो पट्टा ब्लॅक स्पॉट ठरतो. ही व्याख्या महामार्गांसाठी केलेली आहे आणि दुरुस्तीचा पैसा आधी कुठे लावायचा हे ठरवण्यासाठी ती ठीकच आहे. मात्र तिचे दोन दोष शहरात जाणवतात. पहिला म्हणजे ती माणसे मरण्याची किंवा जबर जखमी होण्याची वाट पाहते. दुसरा असा की ती संख्या मोजते, प्रकार पाहत नाही. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि किमान १२ जण दगावले. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवशी नातेवाइकांना घाबरून फोन केले असतील. केवळ आकड्याकडे पाहिले तर त्या एका सकाळीच १० मृत्यूंचा निकष पूर्ण होतो. त्याच रस्त्यावर खलघाटच्या अलीकडे, इंदूरच्या बाजूला, धार जिल्ह्यातील गणपती घाटात, उतारावर ब्रेक निकामी झालेले अवजड ट्रक पुढच्या वाहनांवर आदळत, आणि एकाच तऱ्हेचे हे अपघात वर्षानुवर्षे होत राहिल्यामुळे अखेर तिथे पर्यायी मार्ग बांधावा लागला. दोन्ही ठिकाणे निकषात बसतील, परंतु रस्त्याच्या रचनेविषयी गणपती घाटाचे बिंदू जे सांगतात ते खलघाटचा एकटा बिंदू सांगू शकत नाही. अभियंत्याला संख्येपेक्षा पुनरावृत्ती अधिक उपयोगाची असते.

शहरात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण आपल्याकडे रस्त्यावर मरणारा माणूस मोटारीतला कमी आणि दुचाकीवरचा किंवा पायी चालणारा अधिक असतो. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात दुचाकीस्वार सुमारे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. मध्य प्रदेश त्या वर्षी अपघातांच्या संख्येत तमिळनाडूच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होता: ५४,४३२ अपघात, १३,४२७ मृत्यू. हे आकडे पोलिसांकडे नोंदलेल्या अपघातांचे आहेत. दुचाकी एकटीच घसरली, कोणी दुसरा दोषी नाही, तक्रार कोणाविरुद्ध करायची, असे म्हणून घरी गेलेला माणूस या आकड्यांत नाही.

आपल्या त्या आजींचेच उदाहरण घेऊ. त्या पडल्या, मुलाने रिक्षा केली आणि जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. १०८ ला फोन झाला नाही, म्हणून रुग्णवाहिकेच्या नोंदीत त्या नाहीत. रुग्णालयाने विचारले असेल, "पोलिसांना कळवायचे का?" मुलगा म्हणाला असेल, "नको, पडल्या घरी असे लिहा." म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, तेही झाले नाही. क्ष-किरण, शस्त्रक्रिया, विमा कंपनीकडे दावा, सहा आठवडे अंथरूण. एवढा खर्च, एवढा त्रास, आणि रस्त्याच्या दप्तरी शून्य. याउलट त्याच कटावर उद्या एखादा तरुण ट्रकखाली सापडला तर प्रथम खबर, पंचनामा, मर्ग (अकस्मात मृत्यूची पोलीस नोंद), शवविच्छेदन, विम्याचा दावा असे पाच कागद तयार होतील आणि ते पाच ठिकाणी पडून राहतील.

हे कागद एकत्र यावेत म्हणून केंद्राने २०२१ पासून एकात्मिक रस्ते अपघात विदासंच, म्हणजे आयरॅड, सुरू केला. आयआयटी मद्रासने त्याची रचना केली, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तो राबवला, आणि आरंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशही होता. पुढे त्याचाच विस्तार ई-डार या नावाने झाला. कल्पना चांगली आहे: घटनास्थळी पोहोचलेला पोलीस कर्मचारी मोबाइलमधील ॲपवर नोंद करतो, जागेचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्रे तिथेच चढतात, वाहनाचा तपशील 'वाहन' या आणि चालकाचा 'सारथी' या सरकारी नोंदसंचातून आपोआप येतो, आणि मग ती नोंद रस्ते बांधणारे खाते, परिवहन खाते व रुग्णालय यांच्याकडे त्यांचा त्यांचा भाग भरण्यासाठी जाते. ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या रोकडरहित उपचार योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ती योजना ई-डारशी जोडलेली आहे. या योजनेचे माझ्या दृष्टीने महत्त्व उपचारांइतकेच नोंदीतही आहे, कारण रुग्णालयाला नोंद करण्यात प्रथमच स्वतःचा लाभ दिसू लागला. आदेशाने जी माहिती वर्षानुवर्षे मिळत नाही ती देयकाच्या आशेने आठवड्यात मिळते, हा मला अनेकदा आलेला अनुभव आहे.

स्वीडनने हे काम २००३ पासून केले आहे. तिथल्या 'स्ट्राडा' या व्यवस्थेत पोलिसांची आणि रुग्णालयांची नोंद एकाच संचात येते, आणि त्यामुळे सायकलवरून पडलेले, बर्फावर घसरलेले, पोलिसांनी कधी पाहिलेच नाहीत असे जखमी दिसू लागतात. आपल्याकडे बर्फ नाही. पावसाळ्यातली ओली माती आणि बाजूला खोदलेला चर आहे.

आता जोडणी. हिचे वर्णन सहसा एका वाक्यात उरकले जाते, पण सगळे कष्ट इथेच आहेत. पोलिसांच्या नोंदीतला जखमी आणि रुग्णालयाच्या नोंदीतला जखमी एकच आहे हे कशावरून ठरवायचे? नावावरून, असे वाटते. इंदूरमधील मराठी माणसाला मात्र याचे उत्तर स्वतःच्या रेशनकार्डावर पाहता येईल. हिंदीत ळ चालत नाही, म्हणून काळे यांचे काले होतात, केळकरांचे केलकर. रुग्णालयाच्या संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत जातात आणि परत येताना कधी 'केल्कर' तर कधी 'कलकर' होऊन येतात. पळशीकर कॉलनी मी नोंदींमध्ये निदान चार तऱ्हांनी लिहिलेली पाहिली आहे. म्हणून मी नाव शेवटी पाहतो. आधी वेळ: अपघाताची आणि दाखल होण्याची वेळ यांत सहा तासांहून कमी अंतर. मग लिंग, आणि वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने. मग वाहनाचा प्रकार आणि शरीराचा जखमी भाग. हे जुळले तरच नाव, तेही उच्चाराच्या साम्यावर. रात्री साडेअकराचा अपघात आणि साडेबाराला झालेली भरती यांची तारीख वेगळी असते. ही साधी गोष्ट सूत्रात घालायला विसरल्यामुळे एका कामात माझ्या हातून मध्यरात्रीच्या सगळ्या जोड्या निसटल्या होत्या. ज्या जोड्या निम्म्या जुळतात त्या संगणकावर सोडायच्या नाहीत. दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाचून ठरवायच्या. जोडणी संपली की नावे काढून टाकायची आणि केवळ क्रमांक ठेवायचा. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे म्हणून तर हे करावेच, पण कायदा नसता तरीही करावे लागले असते, कारण वसाहतीच्या फाटकासमोरचा एक बिंदू, तारीख आणि 'स्त्री, ७४' एवढे प्रसिद्ध केले की आजी कोण हे सगळ्या गल्लीला कळते.

जोडणीतून आणखी एक गोष्ट हाती लागते: कोणत्याच नोंदीत नसलेल्यांचा अंदाज. कान्हा-पेंचमध्ये कॅमेऱ्यांनी वाघ मोजताना जी रीत वापरतात तीच. समजा एका भागात पोलिसांकडे १०० जखमींची नोंद आहे, रुग्णालयांकडे २०० ची, आणि दोन्हीकडे आढळणारे ५० आहेत. म्हणजे रुग्णालयात दिसलेल्या २०० पैकी पोलिसांना ५० च, म्हणजे चौथा हिस्सा, दिसले. पोलिसांची नजर सगळीकडे अशीच चौथा हिस्सा टिपत असेल, तर त्यांचे १०० म्हणजे प्रत्यक्षात ४०० जखमी. दोन्ही याद्या मिळून २५० वेगळी माणसे दिसतात. उरलेली १५० कुठेच नाहीत. प्रत्यक्षात गंभीर जखमी दोन्ही याद्यांत येण्याचा संभव अधिक असल्यामुळे हा अंदाज खरे तर कमीच येतो. हा हिशेब एखाद्या बैठकीत मांडला की 'आमच्या हद्दीत अपघात कमी झाले' हे वाक्य पुन्हा उच्चारण्यापूर्वी माणसे थोडी थांबतात.

यानंतर जागेचा खरेपणा. एका कामाचा पहिला नकाशा पडद्यावर आला तेव्हा दोन ठिकाणी लालभडक डाग होते. एक डाग एका मोठ्या रुग्णालयाच्या फाटकावर आणि दुसरा एका पोलीस ठाण्याच्या आवारात. रुग्णालयात उपचारादरम्यान मृत्यू झाला की तिथल्या हद्दीचे ठाणे शून्यावर, म्हणजे स्वतःचा क्रमांक न देता, मर्ग कायम करते आणि कागद मूळ ठाण्याकडे पाठवते. कोणीतरी त्या शून्यावरच्या नोंदीचा पत्ताच अपघाताची जागा म्हणून भरला होता. ठाण्याच्या आवारातल्या डागाचे कारण त्याहून साधे होते. विवेचकाने, महाराष्ट्रात ज्याला तपासी अंमलदार म्हणतात त्याने, घटनास्थळी वाहतूक सुरळीत केली, जखमीला पाठवले आणि ॲपवरची नोंद रात्री ठाण्यात खुर्चीवर बसून केली. फोनने आपले काम चोख बजावले: जिथे बसला तिथले अक्षांश-रेखांश टिपले. मी त्या माणसाला दोष देत नाही. पावसात, गर्दीत, ट्रकखाली सापडलेल्या माणसाशेजारी उभे राहून चाळीस रकाने भरणे कोणालाही जमणार नाही. जागा आणि छायाचित्रे तेवढी तिथे, बाकी सगळे नंतर, असे दोन भाग केले की हा दोष बराचसा जातो.

बाकीच्या चुकाही ठरावीकच असतात. इंदूर उत्तर अक्षांश २२.७ आणि पूर्व रेखांश ७५.८ च्या आसपास आहे; दोन आकडे उलट भरले तर राजवाड्याजवळची धडक नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. अशी चूक निदान लगेच दिसते. दशांशानंतर तीनच आकडे ठेवले तर बिंदू शंभर मीटरच्या आत कुठेही असू शकतो, आणि शंभर मीटरमध्ये चौक, कट आणि शाळेचे फाटक हे तिन्ही मावतात. ही चूक कोणाच्या डोळ्यांत येत नाही. शेवटी नावे. भंवरकुआँ चौराह्याला २०२१ मध्ये टंट्या मामांचे नाव दिले गेले, पण प्रथम खबर देणारा अजूनही भंवरकुआँच म्हणतो, म्हणून एकाच चौकाचे अपघात दोन नावांखाली विभागले जातात आणि दोन्हीकडे कमी दिसतात. मी शहरातील चौक, कट, पेट्रोल पंप, मंदिरे आणि टॉकीज यांच्या सर्व बोलीतल्या नावांची एक वही ठेवली आहे. बंद पडलेल्या चित्रपटगृहांची नावेही तीत आहेत, कारण इंदूरचा माणूस पत्ता सांगताना पाडलेल्या इमारतीच्या समोरचा रस्ता सांगतो. उपग्रहाने दिलेला बिंदू उंची विश्वासार्हपणे सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुलावरचा अपघात की पुलाखालचा, बायपासच्या मुख्य रस्त्यावरचा की बाजूच्या सर्व्हिस रोडवरचा, हे छायाचित्र पाहूनच ठरते.

रंगीत उष्णतेचा नकाशा, ज्यात शहर पिवळे-तांबडे दिसते, तो बैठकीत फार आवडतो. मला तो फसवा वाटतो. अपघात रस्त्यावर होतात, मोकळ्या हवेत नव्हे; तो नकाशा मात्र दोन समांतर रस्त्यांचा ताप एकत्र करून मधल्या घरांवर पसरवतो. त्याऐवजी रस्त्याचे जाळे घ्यावे, त्याचे अडीचशे मीटरचे तुकडे आणि चौक असे भाग पाडावेत आणि प्रत्येक बिंदू त्याच्या रस्त्यावर, त्याच्या दिशेच्या बाजूला बसवावा. क्यूजीआयएससारखी नकाशे करण्याची विनामूल्य प्रणाली आणि ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते एवढ्यावर हे काम होते. महागडे सॉफ्टवेअर घेतले नाही म्हणून काम अडले, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मात्र जिथे रस्ताच बदलला तिथे जुने बिंदू टाकून द्यावे लागतात. एबी रोडवरचा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे रेलिंग घालून वेगळा केलेला बसमार्ग, २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काढायला घेतला. रेलिंगच्या काळातले अपघात रेलिंग नसलेल्या रस्त्याविषयी फारसे सांगणार नाहीत.

नकाशावर मोठा दिसणारा चौक धोकादायकच असतो असेही नाही. तिथून लोक जास्त जातात, म्हणून अपघात जास्त होतात. किती वाहने आणि किती पादचारी तिथून जातात याने भागल्याशिवाय तुलना करता येत नाही, आणि पादचाऱ्यांची मोजणी तर जवळजवळ कुठेच झालेली नसते. शिवाय निव्वळ योगायोगाचाही वाटा असतो. सारखेच धोकादायक असे १०० चौक घेतले, ज्यांत वर्षाला सरासरी ४ अपघात होतात, तरी कोणत्याही एका वर्षी त्यांतल्या साधारण ५ चौकांत ८ किंवा अधिक अपघात होतीलच. त्या पाचांना यादीत घालून तिथे फलक लावले, तर पुढच्या वर्षी तिथले अपघात कमी होतील. फलक नसते लावले तरीही झालेच असते. यशाच्या कितीतरी कहाण्या अशा तयार झाल्या आहेत. म्हणून सुधारणा मोजताना तशाच, पण हात न लावलेल्या, चौकांशी तुलना करावी लागते.

आपल्या कटाला सर्वांत उपयोगी पडेल ती माहिती अपघात होण्यापूर्वीची आहे. नागपुरात २०२१ मध्ये महानगरपालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांनी मिळून आयरास्ते हा प्रकल्प घेतला. शहर बसांवर समोरची टक्कर ओळखणारे कॅमेरे बसवले. चालकाला इशारा मिळतो तो एक भाग झाला. दुसरा भाग असा की प्रत्येक इशारा कुठे वाजला ते नकाशावर उतरते आणि जिथे अजून कोणी मेलेले नाही पण इशारे वारंवार वाजतात अशी ठिकाणे, ज्यांना ते ग्रे स्पॉट म्हणतात, आधीच दिसतात. आपल्या शहर बसांनाही जीपीएस आहे. कॅमेरे नसले तरी बस कुठे एकदम थांबते, कुठे चाळीसवरून पाचवर येते, हे त्या नोंदींतून काढता येते. वेगाची नोंदही अशीच मिळते, आणि वेग हा गौण मुद्दा नाही: सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चलानांचा नकाशा मात्र या कामासाठी कोणी पुढे केला तर घेऊ नये. तो कॅमेरे कुठे आहेत ते दाखवतो.

नकाशाने बोट दाखवले की जागेवर जाऊन उभे राहावे लागते. रिंग रोडवरचा एक कट मला आठवतो. जोडलेल्या नोंदींत तिथे दोन वर्षांत नऊ जखमी होते. एकट्या पोलिसांच्या नोंदींत दोनच. सगळे संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, सगळे एकाच बाजूला, बहुतेक दुचाकी वळवताना. पोलिसांच्या दोन्ही कागदांत कारण एकच, 'तेजी व लापरवाही', म्हणजे भरधाव वेग व निष्काळजीपणा. मी आणि माझा सहकारी साडेसातला तिथे पोहोचलो. डांबरावर हेडलाइटच्या काचेचा चुरा चमकत होता, एका बाजूला उसाच्या रसाचे गुऱ्हाळ आणि त्यापुढे उभे केलेले दोन टेम्पो. दुभाजकात कण्हेर लावलेली होती, छान फुललेली, माणसाच्या छातीच्या वर गेलेली. दुचाकीवर बसलेल्या माणसाची नजर उभ्या माणसाच्या नजरेपेक्षा खाली असते. कण्हेर त्याहून उंच. म्हणून वळणारा प्रत्येक जण काय येते आहे ते पाहण्यासाठी पुढचे चाक वेगाच्या लेनमध्ये घालत होता. मी वाकून त्याच उंचीवरून पाहिले आणि सहकाऱ्याला दूर चालत जायला सांगितले; पंचवीस पावलांवर तो कण्हेरीआड गेला. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या वाहनाला थांबण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ८० मीटर दिसावे लागतात. दिवसा वळणारे लोक कण्हेरीच्या फटींतून गाड्यांची हालचाल पाहून घेत. रात्री मागचे दिवे आणि पानांच्या सावल्या यांत काहीच कळत नसे. 'तेजी व लापरवाही' ही नोंद त्या अर्थाने खोटी नव्हती. तिच्यात कण्हेर तेवढी नव्हती.

उपाय स्वस्त होता. कटाच्या दोन्ही बाजूंची झाडे गुडघ्याएवढी छाटायची आणि तशीच ठेवायची, टेम्पो उभे राहतात तिथे खुंट गाडायचे, आणि कटाच्या आधी गती कमी करणारा उंचवटा मानकाप्रमाणे घालायचा: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, त्यावर पट्टे आणि आधी फलक. घाईघाईत टाकलेला अरुंद, टोकदार डांबराचा ढीग हा उपाय नव्हे. तो स्वतःच दुचाकीस्वारांना पाडतो. छाटणी झाली, खुंट झाले, उंचवटा व्हायला आठ महिने लागले. कण्हेर दर पावसाळ्यात पुन्हा वाढते आणि दर पावसाळ्यात पत्र लिहावे लागते.

हे सर्व आपल्या मंडळाने करावे असे मी म्हणत नाही. नोंदी जोडणे हे शासनाचे काम आहे आणि रुग्णालयांच्या नोंदी खासगी व्यक्तींच्या हाती जाऊही नयेत. परंतु कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, आणि तिच्यापुढे नुसती तक्रार नेणे वेगळे व नोंद नेणे वेगळे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. दंडाची रक्कम मोठी नाही. मात्र धोका लेखी कळवलेला होता हे कागदावर असले की कार्यालयात त्या कागदाकडे पाहण्याची नजर बदलते.

म्हणून पुढचे सहा आठवडे एवढे करावे. मंडळातल्या दोघांनी, शक्यतो सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी सात ते नऊ, कटापासून सुरक्षित अंतरावर बसून वहीत लिहावे: तारीख, वेळ, कोणत्या दिशेने कोण येत होते, कोण वळत होते, कोणाला एकदम ब्रेक लावावा लागला, कोणाला मागे सरावे लागले. मत लिहू नये, 'बेफाम', 'बेशिस्त' असे शब्द लिहू नयेत. पूर्वी पडलेल्या सहा-सात जणांची माहिती त्यांच्या संमतीने, नाव न घालता, वय, महिना, वेळ, वाहन आणि दुखापत एवढीच घ्यावी. आजींच्या रुग्णालयातून सुटीच्या वेळी मिळालेल्या कागदावर भरतीची तारीख आणि वेळ असेल, तेवढी पुरे. कटावर उभे राहून फोनमध्ये अक्षांश-रेखांश पाहावेत आणि दशांशानंतरचे निदान पाच आकडे उतरवून घ्यावेत. दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून दोन्ही दिशांना एकेक छायाचित्र, एक दुपारी आणि एक रात्री, घ्यावे. समितीकडे अर्ज देताना 'ब्लॅक स्पॉट घोषित करा' अशी मागणी करू नये, कारण त्या निकषात आपण बसत नाही आणि अर्ज तिथेच निकाली निघेल; कटाचे रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण आणि दृष्टिअंतराची, म्हणजे तिथून किती दूरपर्यंत दिसते याची, मोजणी मागावी. वही भरली की मला कळवावे. मी एखाद्या संध्याकाळी येईन, आणि येताना मोजपट्टी घेऊन येईन.